कार्पल टनेलचं ऑपरेशन ठरलंय? मग आधी एक दिवस एका हातानं जगून बघा

ऑपरेशनला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्या वीस मिनिटांची धास्ती मी दोन महिने घेतली होती आणि त्यानंतरच्या पंधरा दिवसांचा विचार पाच मिनिटंही केला नव्हता. मग व्हायचं तेच झालं. घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी परकराच्या नाडीची गाठ सुटेना. लेक क्लासला गेलेली, नवरा औषधांच्या दुकानात, आणि मी उजवा हात वर धरून न्हाणीघराच्या दारात उभी.

मी नाशिकला घरीच ब्लाउज शिवते. कात्री, हूक, काजं, हातशिलाई, सगळं उजव्या हातानं. माझं झाल्यावर वर्षभरानं माझ्या नणंदेचंही हेच ऑपरेशन झालं, डाव्या हाताचं. तोवर मी शहाणी झाले होते, त्यामुळे वन्संची तयारी मी करून घेतली. तीच इथे क्रमानं लिहितेय. औषध कुठलं, किती, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

१. दुखणं हेच आहे ना, याची खात्री करून घ्या

मनगटाच्या आत एक अरुंद बोगदा असतो, तोच कार्पल टनेल. खाली हाडं, वर एक जाड आडवा पट्टा. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या (डॉक्टर त्यांना टेंडन म्हणतात) आणि मीडियन नावाची नस जाते. जागा कमी पडली की नस दबते. ऑपरेशनमध्ये तो वरचा पट्टा कापून नसेला मोकळं करतात, बाकी काही नाही.

ही नस अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळते. करंगळीचा तिच्याशी संबंध नाही. त्यामुळे मुंग्या करंगळीतच येत असतील, किंवा मानेपासून खाली येणारी कळ असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, दुखणं वेगळं निघू शकतं. माझं मात्र अगदी पुस्तकातलं होतं. रात्री दोन-अडीचला जाग यायची, हात मेलेला, आणि थर्मामीटर झटकावा तसा झटकल्याशिवाय त्यात जीव यायचा नाही.

ऑपरेशनआधी बहुतेक ठिकाणी एनसीव्ही तपासणी करायला सांगतात. नसेतून विजेचा संदेश किती वेगानं जातो ते त्यात मोजतात. बारीक झटके बसतात, रबर ताणून सोडल्यासारखे. सहन होतात. त्या दिवशी हाताला तेल किंवा क्रीम लावून जाऊ नका, आणि पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

रात्री मनगटाला पट्टा (स्प्लिंट) बांधून झोपणं, एखादं स्टिरॉइडचं इंजेक्शन, हे उपाय करून पाहिलेत का? सौम्य दुखण्यात त्यांनी बरंच भागतं. गरोदरपणात सुरू झालेलं दुखणं तर बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप ओसरतं. थायरॉइड कमी असेल किंवा साखर वाढलेली असेल तरी नस दबते, म्हणून त्यांची तपासणी आधी. पण बोटं कायमच बधिर राहू लागली, हातातून वस्तू निसटू लागल्या, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसायला लागला, तर तेल-मालिश करत दिवस काढू नका. मी काढले. सुई कापडात घुसली की बोटात, हे डोळ्यांनी बघावं लागायला लागलं तेव्हा डॉक्टरांकडे गेले.

२. सर्जनला काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून न्या

समोर बसल्यावर सगळं विसरतं. हे ऑपरेशन अस्थिरोगतज्ज्ञ करतात, प्लास्टिक सर्जन करतात, न्यूरोसर्जनही करतात. पाटी कुठली यापेक्षा हाताची ऑपरेशनं ते नेहमी करतात का, हे विचारा.

दुसरा प्रश्न, उघडं की दुर्बिणीनं? उघड्या पद्धतीत तळहातावर दोन ते चार सेंटिमीटरची चीर असते. दुर्बिणीच्या पद्धतीत चीर छोटी, कामाला थोडं लवकर लागता येतं, खर्च साधारण जास्त. काही महिन्यांनी दोन्हींचा गुण सारखाच येतो. मी उघडंच केलं.

तिसरा प्रश्न भुलीचा. बहुधा फक्त हाताचीच भूल देतात. पण दंडाला पट्टा आवळणार का, ते विचारा. रक्त थांबवायला रक्तदाबाच्या पट्ट्यासारखा पट्टा फुगवतात आणि दहा मिनिटांनी भुलीपेक्षा तोच जास्त छळतो. हल्ली बरेच सर्जन भुलीच्या औषधात अ‍ॅड्रेनलिन मिसळतात आणि पट्टा लावतच नाहीत. त्यात इंजेक्शननंतर अर्धा तास नुसतं बसून राहावं लागतं, तेव्हा ‘मला विसरले की काय’ म्हणून घाबरू नका.

आणि दोन्ही हातांना त्रास असेल तर ‘एकदमच उरकून टाका’ म्हणू नका. का ते मोकळेपणानं सांगते. शौचाला गेल्यावर कुठला तरी एक हात लागतो. ज्यांचा डावा हात व्हायचा असेल त्यांनी तर हे आधीच डोक्यात घ्यावं. वन्संकडे आम्ही ऑपरेशनच्या आठवडाभर आधी संडासात उजव्या बाजूला जेट स्प्रे बसवून घेतला. सगळ्या तयारीत त्यांना सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला असं त्या म्हणतात, आणि कुठल्याही डॉक्टरनं तो सुचवला नव्हता.

३. तपासण्या आणि रोजची औषधं

रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या, साखर, एचआयव्ही आणि काविळीची चाचणी, वयाप्रमाणे ईसीजी, कधी फिजिशियनचं ‘फिट’ असल्याचं पत्र. मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर) काढायला सांगतील. साखर फार वाढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि पू होण्याची भीती असते, त्यामुळे तारीख पुढे ढकलली तर वाद घालू नका.

रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून दाखवा. रक्त पातळ ठेवणारी गोळी सर्जनला विचारल्याशिवाय चालू ठेवू नका आणि विचारल्याशिवाय बंदही करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसानं आपल्या मनानं गोळी बंद केली तर हात राहील बाजूला. आयुर्वेदिक काढे, दुखण्यावर खाल्लेल्या गोळ्या, हेसुद्धा सांगा. भुलीची किंवा कुठल्याही औषधाची पूर्वी अ‍ॅलर्जी आली असेल तर ती केसपेपरवर लिहून घ्या.

४. कागद आणि पैसे

खर्चाचा अंदाज लेखी घ्या. त्यात भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, औषधं आणि नंतरची ड्रेसिंग धरली आहेत का ते बघा.

विमा असेल तर पुढचं नीट वाचा. हे ऑपरेशन ‘डे केअर’ असतं, म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. चोवीस तास भरती नसली तरी डे केअर म्हणून पैसे मिळू शकतात. पण तेच काम दवाखान्यातल्या छोट्या खोलीत करून ओपीडीचा कागद हातात दिला, तर दावा अडकतो. आधीच विचारा, ‘भरती दाखवून डिस्चार्ज कार्ड देणार ना?’

पॉलिसी नवी असेल तर थांबण्याचा काळ बघा. काही ठरावीक आजारांना पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत, आणि पॉलिसी घेण्याआधीपासूनच्या दुखण्याला २०२४च्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षं. इथे एक खाच आहे. डॉक्टरांनी ‘किती दिवसांपासून?’ विचारलं की आपण सहज म्हणतो, ‘अहो, वर्षानुवर्षं हात दुखतोय.’ ते तसंच केसपेपरवर उतरतं आणि टीपीए (विमा कंपनीसाठी दावे तपासणारी संस्था) नेमकं तेवढंच वाचते. खोटं सांगू नका, पण मुंग्या नक्की कुठल्या महिन्यापासून, हे घरून आठवून जा.

कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीनं तासाभरात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असा आयआरडीएआयचा (विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) २०२४चा आदेश आहे. काउंटरवर ‘दोन दिवस लागतील’ म्हणाले तर शांतपणे हे सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जात असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला तुमचं ऑपरेशन यादीत आहे का ते तारीख घेण्यापूर्वी विचारा.

सोबतची फाइल अशी लावा:

- पहिल्या भेटीपासूनचे सगळे केसपेपर, एनसीव्हीचा मूळ रिपोर्ट
- रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, फिजिशियनचं पत्र
- आधार, पॅन, विमा कार्ड, दोन फोटो
- पैसे नंतर परत मागायचे असतील तर रद्द केलेला चेक, दाव्याचा फॉर्म आणि प्रत्येक बिलाची मूळ प्रत
- प्रत्येक कागदाचा मोबाइलमध्ये फोटो

ऑपरेशनआधीच्या तीस आणि नंतरच्या साठ दिवसांची बिलं बऱ्याच पॉलिसींमध्ये धरतात. एनसीव्हीची पावती फेकू नका, ती बारीक रक्कम नसते.

प्रत्येक कागदावर डावा की उजवा, हे स्वतः वाचा. वन्संच्या चिठ्ठीवर ‘डावा’ आणि विम्याच्या अर्जावर ‘उजवा’ असं लिहिलं गेलं होतं. अर्ज परत आला, तारीख दोन दिवसांनी पुढे गेली. विम्याच्या अर्जावर निभावलं, थिएटरच्या यादीवर तसं झालं असतं तर काय, हा विचार नको वाटतो.

आणि सही! उजव्या हाताचं ऑपरेशन असेल तर डिस्चार्जच्या वेळी सही करणार कशी? दाव्याच्या फॉर्ममधला आपला भाग आधीच भरून सही करून ठेवा. घरभाडं, फी, हप्ता यांचे चेक नाव-रक्कम घालून, क्रॉस करून आधीच लिहा, कोरे सही करून ठेवू नका. फोन अंगठ्यानं उघडत असेल तर दुसऱ्या हाताचं बोट नोंदवून ठेवा. रेशन दुकानातल्या मशीनवर तुमचाच अंगठा चालत असेल तर त्या महिन्याचं धान्य आधी उचला. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरची तारीख घेताना हयातीच्या दाखल्याचा विचार करावा, तो आता चेहरा दाखवूनही फोनवर होतो.

५. एका हाताची तालीम

तारखेच्या आधीच्या रविवारी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, ज्या हाताचं ऑपरेशन आहे तो मोज्यात घालून ठेवा. खरंच. अडलं की लगेच मोजा काढायचा नाही, कागदावर लिहायचं: काय अडलं. वन्संच्या कागदावर दुपारपर्यंत अठरा ओळी झाल्या होत्या. गंमत म्हणून सुरू केलं, पण अकराव्या ओळीपर्यंत त्यांचं हसू गेलं होतं. त्यातल्या आणि माझ्या अनुभवातल्या मुख्य गोष्टी:

कपडे. नाडी नको. इलॅस्टिकचे परकर, सलवार, पायजमे आणून किंवा करून ठेवा. पुढे बटणं किंवा चेन असलेले गाऊन, बायकांनी पुढे हूक असलेली नाहीतर हुकाशिवायची अंतर्वस्त्रं. साडीच्या निऱ्या एका हातानं होत नाहीत, प्रयत्न करू नका. पुरुषांनी बेल्ट आणि शर्टाची वरची बटणं करून बघावीत, आणि डाव्या हातानं दाढी करायचं धाडस करण्यापेक्षा सलूनवाल्याला सांगून ठेवावं.

केस. क्लचर एका हातानं लागतो, वेणी आणि अंबाडा नाही. लेकीला किंवा शेजारणीला आधीच बोलून ठेवा.

जेवण. डाव्या हातानं पोळी तुटत नाही. ती हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे असं मलाही वाटायचं, पण दोन दिवस लेकीनं तुकडे करून ताटात टाकल्यावर डोळ्यांत पाणी आलं. मग खिचडी, वरणभात, उपमा, दहीभात आणि चमचा. डाव्या हातानं जेवायला घरातली वडीलधारी माणसं नाक मुरडतील, मुरडू द्या.

स्वयंपाक. कुकरचं झाकण, कणीक मळणं, नारळ खवणं, विळी, दुधाची पिशवी कापणं, गरम कढई उतरवणं, हे सगळं दोन हातांचं काम. घट्ट बरण्यांची झाकणं सैल करून ठेवा. चटण्या, भाजलेला रवा, सोललेला लसूण फ्रिजमध्ये भरा. पोळ्यांसाठी पंधरा दिवस बाई लावा किंवा डबा सांगा. मी पाचव्या दिवशी ‘थोडीच तर कणीक आहे’ म्हणून मळायला गेले आणि रात्रभर हात ठणकला.

गोळ्या. पाकिटातून गोळी एका हातानं निघत नाही. रोजच्या गोळ्या सोडवून कप्प्यांच्या डबीत घालून घ्या.

येणं-जाणं. स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. डावा हात झाला तरी हँडल घट्ट पकडायचंच असतं. मूठ नीट आवळता येऊन सर्जन ‘चालेल’ म्हणेपर्यंत गाडी बंद. मुंबईत लोकलनं जाणाऱ्यांनी गर्दीत दुसऱ्या हातानं कडी धरून उभं राहता येतं का ते बघून रजा मोजावी.

रजा. टेबलावरचं काम असेल तर एक-दोन आठवडे, जड उचलायचं किंवा हातावर जोर द्यायचं काम असेल तर सहा ते आठ आठवडेही लागतात. वैद्यकीय दाखला डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या. मी लग्नसराईच्या तोंडावर ऑपरेशन करून बसले आणि बारा ब्लाउज परत केले. तुमच्या धंद्याचा मोसम बघून तारीख घ्या.

६. आदल्या दिवशी

अंगठ्या काढा. आदल्या दिवशी म्हणतेय, त्या दिवशी सकाळी नाही. माझ्या अनामिकेतली पोवळ्याची अंगठी अकरा वर्षं निघाली नव्हती. साबण लावला, तेल लावलं, बोट लालबुंद झालं, शेवटी सोनाराकडे जाऊन कापून घेतली. ऑपरेशननंतर बोटं सुजतात आणि आत रुतलेली अंगठी रक्त अडवू शकते. काचेच्या बांगड्याही त्या हातातल्या काढायच्या, त्या गार पाणी आणि साबणानं निघतात. माझ्या सासूबाईंनी ‘डाव्या हातात दोन असू देत’ एवढ्यावर समाधान मानलं.

नखं कापा, नेलपॉलिश काढा, बोटांवर मेंदी लावू नका, कारण ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटाला लावतात. डोक्यावरून अंघोळ करून घ्या. तळहातावर फोड, कापलेलं, चिघळलेलं काही असेल तर लपवू नका, फोन करून कळवा.

उपाशी राहायचं का, हे नेमकं विचारा. नुसत्या हाताच्या भुलीला पुष्कळ ठिकाणी हलका नाश्ता चालतो. झोपेचं औषध देणार असतील तर साधारण सहा तास खाणं बंद. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी ‘उपाशीपोटी घेऊ का’ हे स्वतंत्रपणे विचारावं, नाहीतर साखर उतरून चक्कर येते.

७. त्या दिवशी

सैल, बिनबाह्यांचं किंवा पुढून उघडणारं काहीतरी घाला. हे मी, शिंपीण, लोकांना सांगतेय, पण स्वतः मात्र घट्ट कोपरापर्यंतच्या बाह्यांचा ब्लाउज घालून गेले. गाऊन तिथे मिळाला म्हणून सकाळी निभावलं. परत कपडे घालताना बँडेज केलेला हात बाहीतून जाईना. नर्सनं कात्री आणली, आणि कापड न कापता शिवण कुठून उसवायची हे मी तिला पलंगावर बसून सांगत होते.

सोबत एक माणूस हवाच. थिएटरमध्ये नेण्याआधी सर्जननं हातावर पेननं खूण केली का ते बघा. नसेल केली तर मागून घ्या, त्यात लाजायचं काही नाही. संमतीपत्र वाचून सही करा.

भुलीचं इंजेक्शन चांगलंच झोंबतं. तेवढंच काय ते दुखणं. नंतर ओढल्याचं, दाबल्याचं जाणवतं, दुखत नाही. पट्टा कापताना मला जाड कॅनव्हासमधून कात्री चालल्यासारखी करकर ऐकू आली. कदाचित ते माझे शिंपिणीचे कान असतील. दुखलं तर लगेच सांगा, आणखी भूल देता येते.

८. घरी आल्यावर

भूल काही तासांत उतरते. डॉक्टरांनी सांगितलेली पहिली गोळी ती उतरायच्या आतच घ्या. दोन-तीन दिवस हात छातीच्या वर, झोपताना दोन उशांवर. गळ्यातल्या झोळीत दिवसभर लटकवून ठेवलात तर खांदा आखडतो. बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची: सरळ, मूठ, मग अंगठा एकेका बोटाला. ड्रेसिंग कोरडं ठेवा, ब्रेडची पिशवी आणि रबर यांनी अंघोळ निभते. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात.

ताप, वाढत जाणारा लालपणा, पू, बोटं निळी किंवा गार पडणं, गोळीनंही न थांबणारा ठणका, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. रात्री फोन कुठे करायचा तो नंबर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

माझ्या रात्रीच्या मुंग्या त्याच रात्री गेल्या. पण बधिरपणा जायला चार महिने लागले, आणि फार उशिरा गेलेल्यांचा कधी पूर्ण जातही नाही. पकड दोन-तीन महिन्यांत येते. टाके निघाल्यावर डॉक्टरांना विचारून व्रणावर खोबरेल तेलानं गोल गोल मालिश करा. तळहाताच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दाबलं की दुखतं, ते काही महिने राहतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. तोवर जमिनीवरून उठताना तळहात टेकवू नका, मूठ टेकवा. काजं मी सातव्या आठवड्यात सुरू केली, दिवसाला एकाच ब्लाउजची.